शूऽऽबाईंची वही

ज्या बाईंनी आमच्या कायद्याच्या महाविद्यालयात एकतीस वर्षं माणसांना गप्प बसवलं, त्यांच्यावरच नोकरीच्या शेवटच्या सत्रात माणसांना बोलतं करायची वेळ आली. ही गोष्ट मी आजवर निदान चाळीस जणांना सांगितली असेल. दर वेळी चिमूटभर मीठ जास्त पडतं. आज लिहायला बसलोय, तर हात जरा आखडता घेतो.

मी तेव्हा तिथे हेडक्लार्क होतो. बाई ग्रंथपाल. ठेंगण्या, चष्मा दोरीला, पायात रबरी तळव्यांच्या चपला, म्हणजे त्या मागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. कळायचं ते कानाशी 'शूऽऽ' झाल्यावर. म्हणून सगळं महाविद्यालय त्यांना शूऽऽबाई म्हणे. आमच्या आणि त्यांच्या घराच्या मधे एकच भिंत, तीही पातळ. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. घरात अठरा घड्याळं होती आणि एकालाही टोला द्यायची परवानगी नव्हती.

बाईंचा जीव मात्र एका वहीत. वाचनालयाच्या दाराशी त्यांचं टेबल, टेबलावर वही. एखादा ओळखपत्र विसरून आला तर बाई त्याला हाकलत नसत, पण नावही विचारत नसत. "नावाचं काय, कुणीही कुणाचंही सांगतं. त्यातून ही वकील व्हायला आलेली कार्टी! चेहऱ्याला खोटं बोलता येत नाही." असं म्हणून त्या माणसाला आपादमस्तक बघायच्या आणि वहीत त्याचं वर्णन टिपायच्या, शेजारी पुस्तक. पुस्तक परत आलं नाही तर वर्णनावरून माणूस हुडकून काढायच्या आणि पकडायच्याच. 'मान जिराफाची, घाई गाडी सुटल्यासारखी, पानं ओल्या बोटानं उलटतो' ही नोंद आमच्या प्राचार्यांची, ते विद्यार्थी असतानाची. माझी नोंद तर भलतीच: 'बातमी घेऊन येतो, पुस्तक घेऊन जात नाही.' खोटं कशाला बोलू, ती मी घरी बायकोला अभिमानानं सांगितली होती.

त्या वर्षी प्राचार्यांनी वाचनालयाच्या दारात यंत्र बसवायचं ठरवलं. ओळखपत्र टेकवलं की फाटक उघडणार, नाही टेकवलं तर नाही. बाई सत्र संपताना निवृत्त होणार होत्या. त्यांनी निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं, भेट नको म्हणून सांगितलं. एकच मागणं: "मी गेल्यावर टेबलावर वही राहू दे. यंत्र नको."

प्राचार्य म्हणाले, "बघू." सरकारी असो की खाजगी, 'बघू'चा अर्थ सगळीकडे एकच असतो.

आणि अशात तो सराव खटल्याचा दिवस उजाडला.

आमच्याकडे दर वर्षी मोठ्या सभागृहात खोटं न्यायालय भरतं. मुलं वकील होतात, कुणीतरी आरोपी होतो, आणि खऱ्या न्यायालयातून खरे न्यायाधीश येऊन गुण देतात. त्या वर्षी एक न्यायाधीशबाई यायच्या होत्या. प्राचार्य पुष्पगुच्छ घेऊन फाटकावर मोटारीची वाट बघत उभे. न्यायाधीशबाई आल्या बसनं. साधे कपडे, खांद्याला कापडी पिशवी, आणि रंगानं काळ्या.

सभागृहाची व्यवस्था होती कलमवीराकडे. हा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. चहा सांडला तरी कुठल्या कलमाखाली सांडला ते सांगणारा. त्यानं दारातून येणाऱ्या बाईंकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "आलात एकदाच्या? उशीर केलात. चला, चला, आरोपीचा पिंजरा तिकडे."

त्या सरळ जाऊन पिंजऱ्यात बसल्या. वीस मिनिटं! त्या वीस मिनिटांत मुलं न्यायाधीशांच्या नावानं बोटं मोडत होती, एकानं तर मोठ्या लोकांना वेळेची किंमत नसते असं छोटं भाषणही केलं. शेवटी प्राचार्य घामाघूम होऊन आत आले. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं आणि हातातला गुच्छ त्यांच्याच पायावर पडला.

न्यायाधीशबाई उठून उभ्या राहिल्या. "निदान माझ्यावरचा आरोप तरी वाचून दाखवा," म्हणाल्या.

माफीचा पाऊस पडला. त्यांनी तो छत्री उघडून घेतल्यासारखा घेतला. एक थेंब अंगाला लागू दिला नाही. जाताना म्हणाल्या, "तुमच्या मुलांना कलमं पाठ आहेत, माणूस वाचता येत नाही. वर्गात कुणी शिकवलं नसेल, म्हणून यांना दोष देत नाही. पण सत्र संपताना मी परत येईन. तेव्हा कुणीतरी मला सांगावं की मला तिथे का बसवलं. नुसतं 'चुकून' म्हणू नये."

त्यांच्या न्यायालयात दर वर्षी आमची सहा मुलं प्रशिक्षणाला जात. प्राचार्यांच्या डोळ्यांपुढून सहाही मुलं रांगेनं परत आली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं: विद्यार्थ्यांना वंश आणि रंग या विषयाचं भान येण्यासाठी दर गुरुवारी वाचन आणि चर्चा. आता हे घेणार कोण? कराराचे प्राध्यापक म्हणाले, माझ्या करारात बसत नाही. फौजदारीचे म्हणाले, यात गुन्हा कुठला? घटनेच्या बाईंना त्याच आठवड्यात पाठदुखी झाली. असं करत करत विषय जिना उतरला आणि वाचनालयात येऊन थांबला, कारण नावात 'वाचन' होतं.

"वाचन ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण चर्चा? माझ्या वाचनालयात?"

"न्यायाधीशबाईंचं समाधान झालं तर यंत्र रद्द," प्राचार्य म्हणाले. "वही तुमची कायम. लेखी देतो."

बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "आधी लेखी द्या."

पहिला गुरुवार मी मुद्दाम एक फाईल बगलेत मारून बघायला गेलो. मागच्या खोलीत लांब टेबलाभोवती चौदा मुलं. बाईंनी रंगावरून घडलेल्या एका जुन्या खटल्याचं निकालपत्र वाचायला दिलं. वाचून झालं. मग सात मिनिटं शांतता. कुणी तोंड उघडलं की बाईंचं बोट आपोआप ओठावर जाई आणि तो बिचारा मिटून घेई. शेवटी बाईंनीच वैतागून विचारलं, "अरे, बोलत का नाही कुणी?"

कलमवीर कुजबुजला, "बाई, परवानगी आहे का?"

पुढच्या आठवड्यापासून बाई दोन्ही हातांवर बसू लागल्या. खरंच! हात मांड्यांखाली, म्हणजे बोट ओठाकडे जायला नको.

मग मात्र तोंडं सुटली. कलमवीर छाती काढून म्हणाला, "मला तर कुणाचा रंग दिसतच नाही. मला फक्त माणूस दिसतो."

"मग डोळे तपासून घे," बाई म्हणाल्या. "पिंजऱ्यात बसवलंस तेव्हा काय दिसलं होतं?"

"तेव्हा... पिशवी दिसली, बाई."

"पिशवी तर माझ्याकडेही आहे. मला कधी आरोपी केलं नाहीस."

मुलं हसली. कलमवीर कान लाल करून बसला. पण पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्या आधी हजर. पोरगा उतावळा होता, कातडीबचाऊ नव्हता.

त्या मंडळात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. रंगानं काळी, बोलायला कमी, खांद्याला कायम निळी पिशवी. तिसऱ्या आठवड्यात जुने कायदे वाचले, कोणत्या रंगाच्या माणसानं कुठल्या वस्तीत राहायचं, कुठल्या बाकावर बसायचं, असले. एकजण म्हणाला, काय दुष्ट लोक होते! तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "दुष्ट असतील. पण मसुदा बघ किती चोख आहे. कुठे स्वल्पविराम चुकलेला नाही. हे काही गुंडांनी लिहिलेलं नाही. आपल्यासारखं कुणीतरी पहिल्या वर्गात पास होऊन मग बसून लिहिलंय."

त्यावर जी शांतता झाली ती बाईंनी केलेली नव्हती.

बाईंना आता रंग चढू लागला होता. घरी भांडी घासताना त्या यजमानांना निकालपत्रं समजावून सांगत. भिंतीच्या अलीकडे मला फुकटात वकिली शिकायला मिळत होती. आणि पाचव्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

विषय होता साक्षीदारानं आरोपीला ओळखणं. एका चोरीच्या खटल्यातला जबाब वाचायला घेतला होता. साक्षीदार म्हणतो, "एक काळा माणूस होता. बाकी काही आठवत नाही." आणि तेवढ्यावर पोलिसांनी पहिला दिसला तो काळा माणूस धरला.

बाई भडकल्या. हात मांड्यांखालून निघाले. "ही काय ओळख झाली? काळा म्हणे! नाक नाही? चाल नाही? असली नोंद माझ्या वहीत खपवून घेतली नसती मी. उठा रे, काढा कपाटातल्या वह्या. कुठलीही उघडा. वर्णन कसं असतं ते बघा!"

एकतीस वर्षांच्या वह्या टेबलावर आल्या. मुलांना मेजवानीच. एकेक नोंद मोठ्यानं वाचायची आणि पोट धरून हसायचं. 'भुवया जुळलेल्या, भांडायला आल्यासारखा, भांडत नाही.' 'डावा पाय आधी टाकते, शिंकताना माफी मागते.' 'चेहरा निष्पाप, खिशात पानं फाडायची पट्टी असावी.' प्राचार्यांची जिराफाची मान निघाली तेव्हा तर दोघं बाकावरून खाली. बाई सत्कारमूर्तीसारख्या बसल्या होत्या.

निळ्या पिशवीवाल्या मुलीनं गेल्या वर्षाची वही उघडली होती. ती एकदा ओळखपत्र विसरून आली होती, ती तारीख तिच्या लक्षात होती. तिनं वाचलं, "काळी. निळी पिशवी."

हसू ओसरलं. तिनं पान उलटलं. "काळा. उंच." आणखी एक पान. "काळी." मग, "काळा. तोच का?"

"थांब," कलमवीर म्हणाला. त्यानं दुसरी वही ओढली, मग तिसरी. त्याचं बोट कलमं शोधावं तसं ओळींवरून सरसर चाललं होतं. "बाई, यात 'गोरा' कुठेच नाही. एकदाही नाही. ज्यांचं नाक आहे, भुवया आहेत, ते सगळे गोरे. काळ्यांना नुसतं 'काळा'. एकतीस वर्षं."

"शूऽऽ," बाई म्हणाल्या.

कुणीच बोलत नव्हतं.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे भांडी वाजली नाहीत. मी कान लावला असं म्हणणार नाही, पण कान भिंतीजवळ होता. बाई विचारत होत्या, "अहो, तुम्हाला ठाऊक होतं माझं हे?"

यजमान बराच वेळ काहीतरी घासत होते. मग म्हणाले, "घड्याळ रोज एक मिनिट पुढे जात असलं तर घरात कुणाला कळत नाही. सगळं घरच तेवढं पुढे जातं. बाहेरून माणूस आला की तो म्हणतो, अहो, तुमचं घड्याळ चुकतंय."

"मग तुम्ही काय करता?"

"त्याला आधी चहा देतो. मग घड्याळ उघडतो."

हा माणूस आयुष्यात शहाणपणाची दोन वाक्यं बोलला म्हणतात. पहिलं कुणालाच आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी प्राचार्यांपर्यंत पोचली. कुणी पोचवली ते विचारू नका, मी वर्णन देणार नाही. ते धावत खाली आले. "वह्या कुलपात टाका! न्यायाधीशबाईंसमोर एकही वही दिसता कामा नये. मुलांकडून चांगले चार निबंध वाचून घ्या, त्या खूश होतील, तुमची वही कायम, माझी सहा मुलं कायम." मीही शहाणपणा केला. म्हटलं, "बाई, वाळवी लागली म्हणून सांगू. कार्यालयाचा शिक्का मारून देतो."

बाईंनी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोरीत अडकवली, चष्म्याच्या शेजारी. जवळजवळ दोन आठवडे ती तिथे लोंबत होती. जिच्यासाठी एवढा खटाटोप मांडला ती वही राखायची तर तिला लपवायचं, एवढंच करायचं होतं.

पुढच्या गुरुवारी निळी पिशवी आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी आली. सगळ्यांच्या आधी आली, टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, राग आला नाही असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नकोस," बाई म्हणाल्या. "चहा घेतेस?" आणि वाचनालयात, जिथे पाण्याच्या बाटलीलाही बंदी, तिथे त्यांनी थर्मास उघडला. मी डोळ्यांनी पाहिलं. चहा झाल्यावर त्यांनी गळ्यातली किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

शेवटचा गुरुवार आला. कलमवीर सकाळपासून फाटकावर. या वेळी चूक होऊ द्यायची नाही असा त्यानं पण केला होता. हातात गुच्छ, नजर बसथांब्यावर. एक काळ्या बाई पिशवी घेऊन उतरल्या. हा झेपावला. गुच्छ दिला, कमरेत वाकला, "या, या, पायऱ्या जपून," करत त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला आणि मुख्य खुर्चीवर बसवलं. चौदा मुलं उभी राहिली. प्राचार्यांनी कागदावरची नजर न काढता स्वागताचं भाषण सुरू केलं, न्याय, समता, काही बाकी ठेवलं नाही.

त्या बाई दोनदा उठू बघत होत्या, प्राचार्य दोनदा हातानं बसा म्हणत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "साहेब, सगळं खरं आहे तुमचं. पण मी विजेचं मीटर बघायला आलेय. ते कुठल्या बाजूला?"

दारातून आवाज आला, "प्रगती आहे. मागच्या वेळी चूक खालच्या दिशेनं झाली होती, या वेळी वरच्या."

न्यायाधीशबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या, किती वेळ ते देव जाणे. कलमवीराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मला वाटतं, त्याच क्षणी त्याला खरं काय ते कळलं. तो चाचरत म्हणाला, "बाई, मी दोन्ही वेळा पाहिलंच नाही. मागच्या वेळी रंग बघून पिंजरा दाखवला, आज रंग बघून खुर्ची दिली. समोरची माणसं दोन्ही वेळा राहूनच गेली."

"हं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "हे 'चुकून' पेक्षा बरं आहे." मीटरवाल्या बाईंना त्यांनी उठू दिलं नाही. "गुच्छ तुमचा. बसा, चहा घेऊन जा." आणि स्वतः मुलांच्या बाकावर बसल्या.

प्राचार्यांनी निबंधांची खूण केली. बाईंनी तिकडे पाहिलंच नाही. त्या उठल्या, वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि वाचू लागल्या. आधी भुवया, नाकं, जिराफ. न्यायाधीशबाई हसल्या. मग बाईंनी आवाज न बदलता वाचलं, "काळा. काळी. काळी, निळी पिशवी. काळा, तोच का?" आणि वही मिटून म्हणाल्या, "हे माझं अक्षर आहे. मी याला पाहणं समजत होते."

प्राचार्य छताकडे बघत होते. छताला काही नव्हतं.

"सत्तावीस वर्षांपूर्वीची वही आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. "हिवाळी सत्र."

निळ्या पिशवीनं ती शोधून दिली. बाईंनी पान काढलं आणि वाचलं, "काळी. पुराव्याचा कायदा, नवी प्रत. परत नाही." आणि चार दिवसांनी, "काळी आली. तीच. सत्रभर प्रवेश बंद."

"ती मी नव्हते," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मी तेव्हा इथेच शिकत होते, त्या दिवशी पहिल्यांदाच ते पुस्तक मागायला आले होते. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, तूच ना? मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, शूऽऽ." त्यांनी वहीकडे बोट केलं. "पुराव्याच्या कायद्यात मला सगळ्यात कमी गुण आहेत. आणि गेली पंधरा वर्षं मी तेवढंच करते, पुरावा तोलते."

एवढ्या वर्षांत बाईंनी कधी कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे त्यांना ती नीट जमली नाही. त्या टेबलाला वळसा घालून गेल्या, न्यायाधीशबाईंच्या समोर उभ्या राहिल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. "मी तुम्हाला पकडलं," म्हणाल्या, "पण पाहिलं नाही. माझं चुकलं. तुमचं सत्र मला परत देता येत नाही."

"नाही येत," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

मीटरवाल्या बाईंनी नाक ओढलं. कलमवीरानं त्यांना रुमाल दिला.

"निकाल मी राखून ठेवते," न्यायाधीशबाई उठत म्हणाल्या. "मुलं पाठवा, सहाही. आणि हे मंडळ बंद करू नका. पुढच्या वर्षी मी ऐकायला येईन. फाटकावर कुणी उभं राहू नका."

प्राचार्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, ठरल्याप्रमाणे यंत्र रद्द, बाईंची वही कायम!

"यंत्र बसवा," बाई म्हणाल्या.

"अहो, पण तुम्हीच—"

"यंत्राला सगळे सारखे. मला नव्हते. वह्या या मंडळाला द्या. पहिल्या वर्षाच्या मुलांनी आधी त्या वाचाव्या, मग निकालपत्रं."

तर यंत्र बसलं. पहिल्या दिवशी त्यानं प्राचार्यांना अडवलं, दुसऱ्या दिवशी मला. बाई निवृत्त झाल्या. मंडळ निळ्या पिशवीनं चालवायला घेतलं आणि बाईंना बोलावलं. बाई गुरुवारी ठरल्या वेळी आल्या. फाटक उघडेना. निवृत्त माणसाला ओळखपत्र कुठलं? जिथे एकतीस वर्षं दुसऱ्यांना थांबवलं तिथे त्या स्वतः थांबल्या. मागे रांग लागली.

निळी पिशवी आतून आली. तिनं टेबलाच्या खणातून एक कोरी वही काढली, पेन उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि एक शब्द लिहिला. बाईंनी फाटकावरून मान लांब करून वाचला.

'गोरी.'

त्या वह्यांच्या कुळात हा शब्द पहिल्यांदाच आला. बाईंनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता 'शूऽऽ' होणार.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण नुसतं एवढंच?"

"नाही, बाई. वेळ लागतो. जरा उजेडात सरका, नाक नीट दिसत नाहीये."

बाई उजेडात सरकल्या. मागच्या रांगेत कुणीतरी कुरकुरलं, तर त्यांनी वळून बोट ओठांवर ठेवलं.